डॉक्टर कोलींचा ताप

ऐन सणात कर्करोगाचे नाव काढले म्हणून घरातली वडीलधारी मंडळी रागावतील, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे या रोगाचे नाव घेत नाहीत. ‘त्यांना ते झालंय’ असे हलक्या आवाजात सांगायचे आणि ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचे, अशी रीत. तरीही ही हकीकत मी मुद्दाम दिवाळी अंकासाठी राखून ठेवली. एक तर ती वाचायला निवांतपणा हवा. दुसरे म्हणजे ती एका माणसाच्या आयुष्यात मावणारी नाही. बापाने अर्धवट टाकलेली, लेकीने उचललेली आणि दोघांच्याही माघारी तिऱ्हाइतांनी तडीस नेलेली अशी ती आहे.

आरंभ होतो १८९० सालच्या उन्हाळ्यात. अमेरिकेत एलिझाबेथ डॅशील नावाची सतरा वर्षांची एक मुलगी आगगाडीने लांबचा प्रवास करून घरी परतत होती. गाडीतल्या बाकात तिचा उजवा हात चेमटला. दुखापत म्हणावी तर क्षुल्लक. पण हाताची सूज उतरेना आणि ठणका थांबेना. ऑक्टोबरमध्ये घरच्यांनी तिला न्यूयॉर्कच्या एका तरुण शस्त्रवैद्याला दाखविले. त्याचे नाव विल्यम कोली. वय अठ्ठावीस, हार्वर्डची पदवी घेऊन जेमतेम दोन वर्षे झालेली. त्याला आधी साधा पू झाला असावा असे वाटले. पुढे निदान झाले ते हाडाच्या सार्कोमाचे, म्हणजे हाडामांसात उगवणाऱ्या कर्करोगाचे. त्या काळी यावर एकच इलाज होता. कोलींनी तिचा हात कोपराखाली कापला. तरी गाठी थांबल्या नाहीत. छातीवर, पोटात, अंगभर उठत गेल्या. २३ जानेवारी १८९१ रोजी सकाळी ती गेली. कोली त्या वेळी तिच्या बिछान्याजवळ होते.

मुरलेल्या डॉक्टराने मनावर दगड ठेवून पुढचा रोगी तपासायला घेतला असता. कोली मुरलेले नव्हते, आणि तेच बरे झाले. आपण शस्त्र चालविले आणि त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. ते न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या दप्तरखान्यात जाऊन बसू लागले. मागल्या पंधरा वर्षांत सार्कोमाचे जे जे रोगी आले त्यांच्या नोंदी त्यांनी एकेक करून चाळल्या. बहुतेक नोंदींचा शेवट ठरलेला. मात्र एका नोंदीपाशी ते थबकले.

फ्रेड स्टाइन नावाचा एक जर्मन निर्वासित. मानेवर मोठी गाठ. शस्त्रक्रिया पुनःपुन्हा झाली आणि गाठ दर वेळी पुन्हा वाढली. डॉक्टरांनी हात टेकले. अशात १८८५ साली त्या जखमेतच त्याला धावरे उठले. धावरे हा शब्द आता घरांतून फारसा ऐकू येत नाही. पण जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना तो आठवत असेल. कातडी लालभडक होते, लाली हां हां म्हणता पसरते, सणसणून ताप भरतो. पेनिसिलिनच्या आधीच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याला धावरे उठले म्हणजे नातेवाइकांना बोलावून घ्यायची वेळ आली, असे समजत. स्टाइनला ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. आणि प्रत्येक चढावाबरोबर मानेवरची गाठ विरघळत गेली. धावरे बरे झाले तेव्हा गाठही नाहीशी झाली होती. रोगी घरी गेला, अशी नोंद करून कारकुनाने पान उलटले होते.

पुढे काय झाले हे त्या पानावर नव्हते. म्हणून हा डॉक्टर त्या माणसाच्या शोधात निघाला. न्यूयॉर्कच्या पूर्व भागात निर्वासितांच्या चाळी होत्या, आपल्या गिरणगावातल्या चाळींसारख्याच दाटीवाटीच्या. कोली तिथले जिने चढत, दारे ठोठावत, स्टाइन नावाचा कोणी राहतो का म्हणून विचारत हिंडले. अखेर स्टाइन सापडला. मानेवर भला मोठा व्रण होता, आणि माणूस ठणठणीत होता. आजार होऊन सहा-सात वर्षे लोटली होती.

मला या सगळ्या हकीकतीत हे जिने चढणे फार मोलाचे वाटते. चमत्कारिक नोंदी प्रत्येक इस्पितळाच्या दप्तरात असतात. त्या वाचून ‘असेही होते कधी कधी’ म्हणणारे पुष्कळ. माणूस हुडकून त्याची मान चाचपून पाहणारा विरळा.

कोलींच्या आधी कोणाला हे सुचले नव्हते असे नाही. जर्मनीत बुश नावाच्या शस्त्रवैद्याने १८६८ साली एका रोगिणीला मुद्दाम धावरे होऊ दिले होते आणि तिची गाठ आकसलेली पाहिली होती. फेहलायझन याने १८८० नंतरच्या काही वर्षांत धावऱ्याचा जंतू वेगळा काढला आणि तोच गाठ असलेल्या रोग्यांना टोचून पाहिला. पण ते प्रयोग तेथेच विरले. कोलींनी मात्र त्याचा ध्यास घेतला.

१८९१च्या मे महिन्यात त्यांनी झोला नावाच्या एका इटालियन माणसाला हाती घेतले. वय पस्तिशीचे. घशात टॉन्सिलपाशी गाठ, मानेवर गाठ. गिळता येईना, बोलता येईना. काही आठवड्यांचाच सोबती, असे सगळ्यांनी ठरविले होते. कोलींनी त्याच्या गाठीत धावऱ्याचे जंतू टोचले. थोडा ताप आला, थोडी गाठ आकसली, पण खरे धावरे काही उठेना. महिनेच्या महिने ही खटपट चालली. शेवटी ऑक्टोबरात जर्मनीहून, रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून, जहाल जंतूंची कुपी मिळाली. ती टोचल्यावर तासाभरात हुडहुडी भरली, ताप १०५ अंशांवर गेला, आणि झोला मरणाच्या दारात पोचला. दुसऱ्याच दिवसापासून मानेवरची गाठ फुटून वाहू लागली आणि दोन आठवड्यांत दिसेनाशी झाली. घशातली तेवढी आकसून राहिली. झोला त्यानंतर आठ वर्षांहून अधिक जगला.

एखाद्या कादंबरीत इथे बँड वाजला असता. इथे तसे झाले नाही. जिवंत जंतू म्हणजे लहरी सोबती. कोणाला कितीही टोचा, धावरे उठत नाही; कोणाला उठते आणि माणूस त्यानेच दगावतो. कोलींच्या पहिल्या रोग्यांपैकी काहींचे तसे झाले. तेव्हा त्यांनी युक्ती बदलली. जंतू उष्णतेने मारायचे आणि त्यांचे विष तेवढे टोचायचे. धावऱ्याच्या जंतूंच्या जोडीला त्यांनी दुसरा एक जंतू घेतला. ओलसर पावावर रक्तासारखे लाल ठिपके उमटवितो तो हा. त्या काळी त्याला प्रोडिजिओसस म्हणत. या मिश्रणाला पुढे ‘कोलींचे विष’ हे नाव पडले. २४ जानेवारी १८९३ रोजी ते पहिल्यांदा एका सोळा वर्षांच्या मुलाला टोचले. पोटात नारळाएवढी गाठ, शस्त्र लावण्यापलीकडे गेलेली. चार महिने दर एक-दोन दिवसांनी टोचणे, दर वेळी थंडी, दर वेळी ताप. उन्हाळा सरेपर्यंत गाठ हाताला लागेनाशी झाली. तो मुलगा पुढे सव्वीस वर्षे जगला आणि हृदयविकाराने वारला.

मग हे औषध जगभर का गेले नाही? कोलींचे भक्त म्हणतात, मत्सरामुळे. मला ते अर्धेच खरे वाटते.

कोलींचे शत्रू म्हणून ज्यांचे नाव घेतात ते जेम्स यूइंग हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. कर्करोगाच्या विकृतिशास्त्रात त्यांचा अधिकार मोठा होता. हाडाच्या एका कर्करोगाला आजही त्यांचेच नाव आहे. दोघे न्यूयॉर्कच्या एकाच मेमोरियल हॉस्पिटलात काम करीत. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले, तीन वर्षांनी क्युरी दांपत्याने रेडियम. किरण लावले की गाठ वितळते, हे कोणालाही दिसत होते, मोजता येत होते, उद्या पुन्हा करून दाखविता येत होते. खाणमालक जेम्स डग्लस यांची मोठी देणगी आणि रेडियम मेमोरियलला मिळाले, आणि यूइंग किरणांचे पुरस्कर्ते झाले. त्यापुढे कोलींचे विष म्हणजे एका वेळी गुण येणारा, दुसऱ्या वेळी न येणारा प्रकार. का येतो, का येत नाही, हे खुद्द कोलींनाही सांगता येत नव्हते. आणि इथे कोलींचीही चूक पदरात घातली पाहिजे. विष बनविण्याच्या डझनभर तऱ्हा होत्या. काही जहाल, काही पाण्यासारख्या. कोठे टोचायचे, किती टोचायचे, किती दिवस टोचायचे, याला धरबंध नव्हता. पार्क डेव्हिस कंपनी १८९९ पासून तयार विष विकू लागली, पण ते कोलींच्या इस्पितळातल्या विषाइतके तेज नव्हते. कोलींच्या नोंदी अपुऱ्या, रोग्यांची पुढची हकीकत कधी लिहिलेली, कधी नाही. ज्याने दुसऱ्याच्या दप्तरातून स्टाइनला हुडकून काढले, त्यालाच स्वतःचे दप्तर नीट ठेवता आले नाही. टीकाकारांना एवढे पुरे होते. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या पत्रिकेने १८९४ सालीच या उपचारावर कडक ताशेरे झाडले होते.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कोलींनी हजाराच्या आसपास रोग्यांना विष टोचले. १९३६ साली ते वारले तेव्हा त्यांचा उपचार बहुतेक सगळे विसरून गेले होते. यूइंग १९४३ साली वारले, मूत्राशयाच्या कर्करोगाने. हे एवढ्यासाठी सांगितले, की मूत्राशयाच्या कर्करोगाशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

कोलींना हेलन नावाची मुलगी होती. तिने कॉलेजचे तोंड पाहिलेले नव्हते. वैद्यकाशी तिचा संबंध म्हणजे बापाची लेक एवढाच. भाऊ ब्रॅडली मात्र मेमोरियलमध्येच हाडांचा शस्त्रवैद्य होता. वडिलांचे चरित्र लिहावे या हेतूने हेलनने त्यांचे मागे राहिलेले कागद उघडले. पत्रे, टिपणे, रोग्यांच्या हकीकती यांचा ढीगच. वाचता वाचता चरित्र बाजूला राहिले. या बाईने जे काम आरंभिले ते वडिलांनीच करायला हवे होते. तिने एकेक रोगी घेतला. कोणते विष दिले, कोठे टोचले, ताप किती चढला, पुढे किती वर्षे जगला, हे सारे पत्रे लिहून, विचारपूस करून तिने जुळविले. वर्षांमागून वर्षे गेली. हजारभर हकीकतींचा तक्ता झाला तेव्हा त्यातून एक गोष्ट वर आली: ज्यांना खरा जोराचा ताप आला आणि ज्यांना महिनेच्या महिने टोचत राहिले, त्यांच्यात गुण अधिक. बापाला जे कधी नेमके मांडता आले नाही, ते लेकीने घरच्या टेबलावर मांडले.

मोठ्या संस्थांच्या अधिकाऱ्यांकडे ती हे घेऊन गेली. कोणी ऐकून घेतले, कोणी वाटेला लावले. तेव्हा १९५३ साली तिने स्वतःच कर्करोग संशोधनासाठी एक संस्था काढली. भांडवल दोन हजार डॉलर, आणि ते दिले नेल्सन रॉकफेलर यांनी. इथे वाचकांनी क्षणभर थांबावे. आगगाडीत हात चेमटलेली ती एलिझाबेथ डॅशील ही धाकट्या जॉन रॉकफेलरची जिवलग मैत्रीण होती. तिला तो बहिणीसारखी मानी. मेमोरियल हॉस्पिटलच्या नव्या इमारतीला पुढे जागा दिली ती त्यानेच. नेल्सन हा त्याचाच मुलगा.

हेलनला पाठीराखा मिळाला तो लॉइड ओल्ड या तरुण शास्त्रज्ञाच्या रूपाने. आणि आता वाचकांनी सदऱ्याची बाही वर सारून डाव्या दंडावरचा तो वाटोळा वण पाहावा. क्षयाची बी. सी. जी. लस. काल्मेत आणि गेराँ या दोन फ्रेंचांनी गाईच्या क्षयाचे जंतू वर्षानुवर्षे वाढवून नरम केले, आणि १९२१ साली ही लस पहिल्यांदा माणसाला दिली. आपल्या देशात १९४८ साली मद्रासजवळ गिंडीला तिची प्रयोगशाळा निघाली, आणि मग शाळाशाळांतून पोरे रांगेत उभी राहून रडू लागली. ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखविले की हीच लस टोचलेले उंदीर त्यांच्या अंगात रोवलेल्या गाठींना अधिक नेटाने तोंड देतात. क्षयाच्या जंतूचा कर्करोगाशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. पण धावऱ्याचा तरी काय होता?

१९७६ साली कॅनडात आल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नऊ रोग्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. बी. सी. जी. पाण्यात कालवून नळीने मूत्राशयात सोडायची, आठवड्याला एकदा, सहा आठवडे. सहाच का? तर लसीच्या खोक्यात सहा कुप्या येत, असे मोरालेस यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. तो सहाचा आकडा अजून चालू आहे. अमेरिकेत १९९० साली या उपचाराला रीतसर मान्यता मिळाली, आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरत्या राहिलेल्या, पण उलटण्याची धास्ती असलेल्या कर्करोगावर आजही जगभर तोच करतात. जिवंत जंतू सोडायचे, दाह होऊ द्यायचा, थोडा ताप येऊ द्यायचा. कोलींनी ते पाहिले असते तर ओळखले असते. यूइंग यांना मात्र तो तेहतीस वर्षे उशिरा आला.

तापाने नेमके होते काय, हे उलगडायला बराच काळ लागला. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. बाहेरचा जंतू शिरला की त्या तुटून पडतात, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. कर्करोगाची पेशी मात्र बाहेरची नसते. ती आपलीच, घरातली, बिघडलेली. पहारेकऱ्याने घरच्या माणसावर हात कसा उचलावा? ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७च्या सुमारास मांडले की पहारेकरी तोही उचलतो. आपल्या देहात बिघडलेल्या पेशी उपजतात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा गुपचूप निकाल लावतात. कल्पना सुंदर. पण १९७४ साली एक प्रयोग झाला. जन्मतःच प्रतिकारशक्ती लुळी असलेल्या, केस नसलेल्या उंदरांना इतरांपेक्षा जास्त कर्करोग होत नाही असे त्यात दिसले, आणि कल्पना मोडीत निघाली. त्या उंदरांची प्रतिकारशक्ती समजत होते तितकी लुळी नव्हती, हे नंतर कळले. मधली वीस-पंचवीस वर्षे मात्र गेली. शास्त्रातही कधी कधी एका साक्षीदाराच्या सांगण्यावरून निरपराध माणूस तुरुंगात जातो.

त्या दुष्काळात कामे अगदी बंद पडली नव्हती. रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ साली फांद्या फुटलेल्या आकाराच्या एका नव्या पेशीचे वर्णन केले. ही पेशी म्हणजे गावातला दवंडीवाला. उपद्रवी वस्तूचा तुकडा घेऊन ती लढणाऱ्या पेशींकडे जाते आणि ‘याला ओळखून ठेवा’ म्हणून बजावते. पण ती आपण होऊन दवंडी पिटीत नाही. तिला आधी धोक्याची चाहूल लागावी लागते, आणि जंतूंचे विष ही सर्वांत पक्की चाहूल. ओल्ड यांच्या चमूने १९७५ साली रक्तातला एक पदार्थ शोधला. जंतूंचे विष टोचले की तो तयार होतो आणि उंदरांच्या गाठी नासवितो. कोलींनी पावावरचा तो लाल जंतू अंदाजाने मिसळला होता. त्याच्याच वेष्टणात हे विष भरपूर असते. स्टाइनमन यांना पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी स्वतःच्याच पेशींपासून लशी करवून स्वतःवर वापरल्या आणि साडेचार वर्षे काढली. नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली ३ ऑक्टोबर २०११ रोजी. ते गेले होते तीन दिवस आधी. समितीला ते ठाऊक नव्हते. मग विचारविनिमय होऊन पारितोषिक त्यांच्या नावेच राहिले.

खरी कोंडी फुटली ती उलट्या बाजूने. टेक्सासमधल्या एका छोट्या गावात वाढलेले जेम्स ॲलिसन. अकरा वर्षांचे असताना आई कर्करोगाने गेली. पुढे दोन मामाही त्याच वाटेने गेले. ॲलिसन तोंडाचा बाजा वाजवितात, हेही जाता जाता सांगून टाकतो. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर एक खुंटी असते, तिचे नाव सी. टी. एल. ए. ४. ती पेशींना चेतविते की आवरते, यावर वाद होता. ॲलिसन आणि आणखी काहींनी दाखविले की ती आवरते. बैलाची वेसणच ती. इतर शास्त्रज्ञ त्यावरून अंगावर उलटणाऱ्या पेशींच्या आजारांचा विचार करू लागले. ॲलिसनना सुचले ते असे: सगळेजण इतकी वर्षे बैलाला आर टोचीत बसले आहेत, वेसण सोडून पाहिली तर?

१९९४च्या अखेरीस त्यांच्या सहकाऱ्याने गाठी असलेल्या उंदरांना वेसण सोडविणारे द्रव्य टोचले. उंदीर बरे झाले. विश्वास बसेना, म्हणून नाताळच्या सुटीतच प्रयोग पुन्हा केला, आणि या वेळी कोणत्या पिंजऱ्यात औषध आहे हे मोजणाऱ्याला सांगितले नाही. मोजणारे होते खुद्द ॲलिसन. पहिले काही दिवस सगळ्याच गाठी वाढत राहिल्या, आणि त्यांचे तोंड उतरले. मग अर्ध्या पिंजऱ्यांतल्या गाठी वाढायच्या थांबल्या, आकसल्या, नाहीशा झाल्या. १९९६ साली हे प्रसिद्ध झाले. तरी औषध कंपन्या दारात उभ्या करीनात. रोग्यापर्यंत औषध रीतसर पोचायला २०११ साल उजाडले. पसरलेल्या मेलानोमात, म्हणजे कातडीच्या काळ्या डागातून उठणाऱ्या कर्करोगात, पूर्वी बहुतेक रोगी वर्षभरात जात. या एका औषधाने सुमारे पाचव्या हिश्श्याचे रोगी वर्षानुवर्षे जगलेले दिसतात. चार हिश्शांचे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

इकडे जपानात क्योटोला तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली दुसरी वेसण सापडली, पी. डी. १. ती सोडविणारी औषधे अधिक सोसवतात असे ठरले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, आपला मेलानोमा मेंदूत पोचल्याचे जाहीर केले. त्यांना किरणांबरोबर याच जातीचे औषध मिळाले. डिसेंबरात गाठींचा मागमूस उरला नव्हता. ते गेले २०२४च्या डिसेंबरात, शंभरी ओलांडून. ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हेलन त्याआधीच, २००१च्या जानेवारीत, त्र्याण्णव वर्षांची होऊन गेली होती.

वेसण सोडलेला बैल शेतात घुसतो, तसे इथेही होते. पेशी कधी आतड्यावर, कधी कातडीवर, कधी फुप्फुसावर उलटतात, आणि त्यात माणूस जाऊही शकतो. तेव्हा ताप येऊ द्या म्हणजे गाठ जाईल, असा घरगुती अर्थ कृपा करून कोणी काढू नये. असले सल्ले देणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. कोलींनी ताप आणला तो वजनकाटा हातात धरून, आणि तरीही रोगी गमावून.

आपल्या मुलखाचा या गोष्टीशी धागा आहे तो परळचा. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ टाटा मेमोरियल इस्पितळ १९४१ साली उघडले. तेथे डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचेच्या भांड्यात वाढविण्याची विद्या शिकून त्या परतल्या, आणि परळला त्यांनी देशातली पहिली तसली प्रयोगशाळा उभी केली. पिशवीत उपकरणे नाहीत, उंदरांच्या जाती नाहीत, सगळे शून्यातून. पेशी देहाबाहेर जिवंत ठेवणे, हीच विद्या पुढे कामाला आली.

कारण आता डॉक्टर पांढऱ्या पेशी देहातून बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांना शत्रू ओळखण्याचा नवा डोळा बसवितात, वाढवितात आणि पुन्हा शिरेतून सोडतात. २०१२ साली फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एका मुलीवर हा उपाय झाला, तेव्हा तिला असा ताप चढला की ती वाचत नाही असेच सर्वांना वाटले. उपचार करणाऱ्यांपैकी कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला सांधेदुखीचा आजार होता, म्हणून त्यावरचे एक औषध त्यांना ठाऊक होते. तेच दिले, ताप उतरला, रक्ताचा कर्करोगही गेला. अमेरिकेत २०१७ साली या उपचाराला मान्यता मिळाली, किंमत पावणेपाच लाख डॉलर. त्या काळच्या भावाने तीन कोटी रुपयांच्या घरात. आपल्याकडच्या बापाने शेत, घर, बायकोचे दागिने सगळे विकले तरी जमणार नाही असा आकडा.

पवईच्या आय. आय. टी.त राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी हाच उपाय इथल्या इथे करता येईल का म्हणून खपत होते. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात ४ जून २०२१ रोजी पहिल्या रोग्याला त्या पेशी दिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारची मान्यता मिळाली. किंमत अमेरिकेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची, म्हणजे तीस-चाळीस लाखांच्या आसपास. स्वस्त म्हणवत नाही. पण आकडा कोटींतून लाखांत आला, आणि तो आणखी खाली आणण्याचे काम पवईत आणि खारघरात चालू आहे. पेशी दिल्यावर पहिले काही दिवस परिचारिका रोग्याच्या उशाशी तापाचा तक्ता ठेवतात आणि दर काही तासांनी त्यात आकडा भरतात.